‘चालू हॉटेल देणे आहे’

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. परीक्षा जवळ आली, की तो कटिंगचा ग्लास खाली ठेवतो आणि जाहीर करतो, ‘‘सोडा यार नोकरी-बिकरी. आपण कॅफे टाकू.’’ मग टिश्यू पेपरवर नाव ठरतं, लोगो ठरतो, भिंतीवर चित्र कुठलं काढायचं यावरून भांडणंही होतात. जागा, पैसे आणि परवाने सोडून बाकी सगळं ठरतं.

आमच्या ग्रुपमधला तो ‘एक जण’ मागच्या उन्हाळ्यात खरंच कामाला लागला. नेमका त्याच सुमाराला माझा मामा कोथरूडमधलं त्याचं मिसळीचं हॉटेल विकायला निघाला. अठरा वर्षं चालवलेलं हॉटेल. मित्राला घ्यायचं होतं, मामाला द्यायचं होतं. तुम्हाला वाटेल, मित्राने मामाचं हॉटेल घेतलं आणि गोष्ट संपली. नाही. मिसळ त्याच्या ‘व्हाइब’मध्ये बसत नव्हती आणि मामाचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोघंही आपापल्या वाटेने गेले आणि दोघांनाही वाटेत एजंट भेटला. एक नाही, दोन वेगळे.

या दोन एजंटांची ही गोष्ट आहे. आपला कॅफे टाकायचं स्वप्न तुमच्याही डोक्यात असेल, तर शेवटपर्यंत वाचा. निदान चौकटीतले मुद्दे तरी कापून ठेवा.

‘एजंट क्षमस्व’

मित्राला जाहिरात मिळाली ती विजेच्या खांबावर. ‘चालू हॉटेल चालवायला देणे आहे. फर्निचरसह. मेन रोड टच. एजंट क्षमस्व.’ खाली मोबाइल नंबर. त्याने फोन लावला आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं, की बोलणारा माणूस स्वतःच एजंट आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. हॉटेल ‘विकणं’ आणि हॉटेल ‘चालवायला देणं’ यात खूप फरक आहे. विकताना आतलं सामान, नाव, गिऱ्हाईक असं सगळं दुसऱ्याचं होतं. चालवायला देताना मूळ माणूस परवाने आपल्याच नावावर ठेवतो, डिपॉझिट घेतो आणि महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन बाजूला होतो. राबणार तुम्ही, गल्ल्यावर तुम्ही, पण कागदावर तुम्ही कुठेच नाही. भांडवल कमी लागतं म्हणून आपल्या वयाची मुलं याच्याकडे वळतात.

मित्र आणि त्याचा रूममेट जागा बघायला गेले. दहा टेबलं, चांगला काउंटर, डीप फ्रीजर, मागे नीट भटारखाना. आतला माणूस म्हणाला, गावाकडे वडील आजारी आहेत, जावं लागतंय. एजंट म्हणाला, ‘‘सकाळपासून दोन पार्ट्या बघून गेल्यात. तुम्ही पोरं चांगली वाटता म्हणून थांबवलंय. संध्याकाळपर्यंत टोकन टाका.’’

संध्याकाळी टोकन गेलं. एक्कावन्न हजार. त्यातले तीस हजार मित्राच्या आईच्या भिशीचे. पैसे गेले थेट एजंटच्या मोबाइल नंबरवर आणि पावती म्हणून आला एक मेसेज : ‘रिसीव्ड’. पुढे अंगठा.

नऊ-दहा दिवसांनी दोघं बोर्डाचं माप घ्यायला गेले. शिडीवर चढले होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक आजोबा खाली आले आणि म्हणाले, ‘‘काय रे, तुम्ही कोण?’’ ते जागेचे मालक होते. आपलं दुकान कुणाला दिलं जातंय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. आतला माणूस त्यांच्याकडे लिव्ह अँड लायसन्सवर होता आणि त्याच्या कराराचे चारच महिने उरले होते. मित्राला मात्र तीन वर्षांचं गाजर दाखवलं होतं.

इथे थोडा कायदा. तो रटाळ वाटला तरी वाचा, तीस हजारांची भिशी यातच अडकली होती. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी. ती ज्याला दिली त्याच्यापुरतीच असते. त्याने ती परस्पर तिसऱ्याच्या हातात द्यायची नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. म्हणजे कागद असतोच आणि तो बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. मित्राने तो मागितलाच नव्हता. ‘‘मागायला कसंतरी वाटलं,’’ तो म्हणाला. फर्निचर किती जुनं आहे हे विचारलं, वायफाय कुणाचं हे विचारलं, जागा कुणाची हे विचारलं नाही.

एजंटचं उत्तर तयार होतं. ‘‘टोकन परत मिळत नसतं, धंद्याचा नियम आहे.’’ नियम कुठे लिहिलाय, असं विचारायला मित्राचे काका गेले. मग बरेच फोन, दोन फेऱ्या, एकदा आवाज चढवणं, असं सगळं होऊन वीस हजार परत आले. बाकीचे एकतीस अजून ‘पुढच्या आठवड्यात’ आहेत.

मामाची वही

आता मामाकडे येऊ. मामाचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी उभं राहणं बंद करायला सांगितलं आणि हॉटेलात बसून काम नसतं. मामेबहीण बंगळुरूला नोकरीला, ती काही तर्री ढवळायला परत येणार नाही. तेव्हा विकायचं ठरलं.

मामाने आधी स्वतःच गिऱ्हाईक शोधायचं ठरवलं. रोजच्या येणाऱ्या दोघा-तिघांच्या कानावर घातलं. चार दिवसांत काय झालं बघा : वस्तादाने, म्हणजे मुख्य आचाऱ्याने, दुसरीकडे नोकरी शोधायला सुरुवात केली, फरसाणवाल्याने महिन्याची उधारी बंद करून रोख मागायला सुरुवात केली आणि शेजारचा वडापाववाला येऊन विचारून गेला, ‘‘काय, बसत नाही का धंदा?’’ हॉटेल विकायला निघालंय ही बातमी फुटली, की हॉटेलाची किंमत त्याच दिवसापासून उतरायला लागते, हे मामाला असं कळलं.

मग ओळखीतून एक एजंट आले. पन्नाशीचे, साधा शर्ट, हातात कापडी पिशवी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायला लागलो. त्यांनी पहिल्या दिवशी मिसळ खाल्ली, पैसे देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून कोपऱ्यातल्या टेबलवर बसून नुसती माणसं मोजली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘शेठ, वही काढा.’’

मामाला नऊ लाख हवे होते. का, तर समोरच्या रस्त्यावरचं हॉटेल नऊ लाखाला गेलं असं त्याने ऐकलं होतं. काकांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. ते पान मी जपून ठेवलंय :

रोजचा धंदा सरासरी ११,००० रुपये. महिन्यातले २६ दिवस. म्हणजे २,८६,०००.
माल १,०८,०००. भाडं ४२,०००. तीन कामगार ५४,०००. गॅस, लाइट, पाणी २६,०००. पार्सलचे डबे, दुरुस्ती, किरकोळ १०,०००. एकूण खर्च २,४०,०००.
हातात उरतात ४६,०००.

मामा खूश. ‘‘म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत नऊ लाख वसूल!’’ काकांनी पेन खाली ठेवलं नाही. त्यांनी विचारलं, ‘‘गल्ल्यावर कोण बसतं?’’ मामा म्हणाला, मी. ‘‘मसाला आणि तर्री कोण करतं?’’ मामी. ‘‘तुमच्या दोघांचा पगार यात कुठंय?’’

तो कुठेच नव्हता. अठरा वर्षांत कधीच नव्हता. त्या दोन कामांना बाहेरची माणसं ठेवायची तर महिन्याला किमान ३५,००० जाणार. ४६ मधून ३५ गेले, उरले ११,०००. या हिशोबाने नऊ लाख वसूल व्हायला ८२ महिने लागतात. जवळजवळ सात वर्षं. आणि जागेचा करार होतो तीन वर्षांचा.

मामा चिडला. ‘‘म्हणजे मी अठरा वर्षं अकरा हजारांसाठी राबलो का?’’ असं काहीतरी बोलून उठून गेला. मामी मात्र बसून राहिली. तिने ते पान स्वतःकडे ओढलं आणि पुन्हा वाचलं. तिचा पगार पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर लिहिला होता. मग म्हणाली, ‘‘बरोबर आहे ह्यांचं.’’

काकांचं पुढचं वाक्य मला धंद्याच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं. ते म्हणाले, ‘‘म्हणून आपण पैसेवाला नाही शोधायचा. राबणारं जोडपं शोधायचं. त्यांच्यासाठी ४६ हेच खरं.’’

कुठलंही चालू हॉटेल घ्यायला जाल तेव्हा हा एक प्रश्न विचाराच : मालक स्वतः किती तास राबतो आणि त्याच्या जागी माणूस ठेवला तर काय उरतं? आणि ‘रोजचा धंदा’ मालकाच्या तोंडून ऐकू नका. जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल आणि गॅस सिलिंडरच्या पावत्या बघा. मिसळ फुकट उकळत नाही. महिन्याला किती सिलिंडर लागतात, यावरून धंद्याचा अंदाज लागतो, ही युक्तीही काकांचीच.

एका हॉटेलाचे दोन सौदे

तीन महिन्यांत काकांनी चार पार्ट्या आणल्या. गंमत म्हणजे हॉटेलात कुणालाच कळलं नाही. येणारे गिऱ्हाईक म्हणून यायचे, मिसळ खायचे, बिल देऊन जायचे. बोलणी व्हायची ती मामाच्या घरी, रात्री. हॉटेलचं नाव आणि पत्ता काकांनी कुणालाही पहिल्या फोनवर सांगितला नाही.

चौथी पार्टी ठरली. घरगुती डबे देणारं एक जोडपं, चाळिशीच्या आतलं. साडेसहा लाखांवर मामा तयार झाला. मला वाटलं, झालं. काका म्हणाले, ‘‘हा अर्धाच सौदा झाला. आता जागामालक.’’

कारण मामा विकू शकत होता ते काय? टेबलं, भांडी, फ्रीज, चिमणी, नाव आणि जमलेलं गिऱ्हाईक. जागा त्याची नव्हतीच. म्हणजे मामाचा जुना करार संपवून जोडप्याच्या नावाने नवा करार करायला मालक राजी हवा. मालक राजी झाले, पण भाडं ४२ वरून ४८ हजार. डिपॉझिटही नवं. मामाचं जुनं डिपॉझिट मालक त्याला कधी परत करणार, हे त्याच बैठकीत लिहून घेतलं.

सहा हजार भाडं वाढलं म्हणजे जोडप्याच्या हातात ४६ ऐवजी ४० हजार उरणार. काकांनी हे लपवलं नाही. दोघांसमोर पुन्हा हिशोब केला. साडेसहा लाख भागिले चाळीस हजार, साधारण सोळा-सतरा महिने. करार ३६ महिन्यांचा. बसतंय. मगच त्यांनी टोकन घ्यायला लावलं आणि तेही स्वतः घेतलं नाही. मामाच्या बँक खात्यावर, साध्या पण सही केलेल्या इसारपावतीवर. पावतीत एक ओळ होती : जागामालकाने नवा करार करून दिला नाही, तर इसार पूर्ण परत.

ही एक ओळ माझ्या मित्राकडे असती तर? असो.

दलाली कशाची?

मी काकांना सरळ विचारलं, ‘‘काका, तुम्ही नक्की कशाचे पैसे घेता?’’ ते हसले. ‘‘गप्प बसायचे,’’ म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘आणि नको तिथे नाही म्हणायचे.’’

या धंद्यात दलालीचा सरकारी दर नाही. जागा भाड्याची असेल तर एका महिन्याचं भाडं, विक्री असेल तर दोन टक्के किंवा त्याच्या आसपास, असं बोलण्यात ठरतं. काकांनी मामाकडून दोन टक्के घेतले, म्हणजे तेरा हजार. जोडप्याकडून एका महिन्याचं भाडं. दोन्हीकडून घेतलं आणि दोघांना एकमेकांसमोर सांगून घेतलं. ‘‘दोन्हीकडून घेणं वाईट नाही, चोरून घेणं वाईट,’’ असं त्यांचं म्हणणं.

चोरून घेणं म्हणजे काय? मालकाला भाव सांगायचा सहा, घेणाऱ्याला साडेसात आणि मधला दीड खिशात. म्हणून पैशाची बोलणी दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसून झालीच पाहिजेत. एजंट काही झालं तरी भेट टाळत असेल, तर समजा. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंटवर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात साफ म्हटलंय, की एजंटने मालकाला अंधारात ठेवून स्वतःच सौदा केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो.

तुम्ही म्हणाल, ‘रेरा’ आहे ना? एजंटची नोंदणी, प्रशिक्षण, परीक्षा... आहे, पण ते नोंदणीकृत गृहनिर्माण आणि बांधकाम प्रकल्पांतल्या सदनिका-दुकानांच्या विक्रीसाठी. चालू हॉटेलाचा धंदा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्याला ती नोंदणी लागू नाही. म्हणजे एजंटकडे रेरा नंबर असला तरी तुमच्या या सौद्याला त्याचं कवच नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काकांनी दोन वर्षांपूर्वी एक पार्टी आणून दिली, ओळख करून दिली. दोघांनी नंतर परस्पर सौदा केला आणि काकांचे फोन घेणं बंद केलं. ‘‘सहा महिने चपला झिजवल्या होत्या, ताई,’’ ते म्हणाले. म्हणून आता ते आधी एक पानी पत्र करतात : दलाली किती, कोण देणार, कधी देणार, किती महिन्यांसाठी. तुम्हीही करा. त्यात दोघांचंही रक्षण आहे.

नावाचं काय?

सौदा अडला तो शेवटी नावावर. हॉटेलला माझ्या आजीचं नाव आहे. मामाला वाटत होतं बोर्ड उतरवून घरी न्यावा. जोडपं म्हणालं, नाव नसेल तर आम्ही काय विकत घेतोय, जुनी भांडी? बरोबरच होतं त्यांचं. लोक त्या नावावर येतात. गुडविल म्हणतात ते हेच.

दोन दिवस घरात कुणी नीट बोलत नव्हतं. शेवटी मामीने तोडगा काढला : नाव द्यायचं, पण पंधरा दिवस आपण रोज जायचं आणि मसाला शिकवायचा. ‘‘आईंच्या नावाने पचपचीत मिसळ गेली तर मला झोप यायची नाही.’’

करारात आणखी एक अट आली, की मामाने त्या परिसरात पुन्हा मिसळीचं हॉटेल काढायचं नाही. एरवी कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार कायद्याने चालत नाही. पण गुडविल विकताना ठरावीक भागापुरती अशी वाजवी अट घालता येते, करार कायद्याच्या २७व्या कलमातच तशी सवलत आहे. मामाने अट वाचली, पँटवरून गुडघे चोळले आणि सही केली.

राहिली सरकारी कामं. अन्नपरवाना त्या माणसाच्या आणि त्या पत्त्याच्या नावाने असतो, म्हणून काकांनी जोडप्याला पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावाने अर्ज करायला लावला. जीएसटीची थकबाकी नाही याची खात्री करून घेतली, कारण केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या ८५व्या कलमाप्रमाणे धंदा विकण्याआधीचा थकलेला कर देणाऱ्याबरोबर घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकतो. मामा अठरा वर्षांत कुणाचं देणं ठेवून झोपला नाही, हे आम्हाला माहीत होतं. जोडप्याला कागदच बघावा लागणार होता आणि त्यांनी तो बघितला. मामाला आधी राग आला, मग तोच फाइल घेऊन आला.

शेवटच्या दिवशी मामाने गल्ल्याची किल्ली दिली, कामगारांचा हिशोब पूर्ण केला आणि वस्तादाला नव्या मालकांच्या समोर बसवून त्याचा पगार बोलून दिला. काका कोपऱ्यातल्या त्याच टेबलवर बसले होते. त्यांनी मिसळ मागवली. या वेळी मामाने पैसे घेतले नाहीत.

चौकट : टोकन देण्याआधी

• जागामालकाला स्वतः भेटा. एजंट किंवा आतला चालक यांच्या शब्दावर जाऊ नका.
• नोंदणीकृत करार आणि त्याची मुदत बघा. उरलेले महिने मोजा.
• नवा लिव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंतचा असेल, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के पडतं. भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज मिळून ते काढतात. हा खर्च कोण करणार, हे आधी ठरवा.
• सोसायटीची इमारत असेल तर खाली हॉटेल चालवायला तिची हरकत आहे का, चिमणीच्या धुरावरून वाद आहे का, हे वरच्या मजल्यावर जाऊन विचारा.
• अन्नपरवान्यावरचा चौदा अंकी नंबर ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर तपासा.
• परमिट रूम असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची प्रक्रिया वेगळी असते. ‘होऊन जाईल’ या उत्तरावर पैसे देऊ नका.
• सामानाची यादी करा, सुरू करून बघा, यादीवर सह्या घ्या. फ्रीज चालू आहे हे बघा, नुसता उभा आहे हे नको.
• सकाळी, दुपारी, रात्री, रविवारी आणि पावसात असं पाच वेळा जाऊन गिऱ्हाईक मोजा.
• टोकन खात्यावर द्या, रोख नको. पावतीत परतीची अट लिहून घ्या.
• ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणणाऱ्या एजंटला सांगा, परवा बघू.

मित्र सध्या विमाननगरमधल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला आहे. सकाळी अकरा ते रात्री अकरा. आईच्या भिशीचे तीस हजार तो पगारातून फेडतोय, दोन हप्ते राहिलेत. कॅफेचा विषय त्याने सोडलेला नाही. परवा त्याचा फोन आला, एक जागा बघितली म्हणाला. मी विचारलं, ‘‘जागामालकाला भेटलास?’’ तो म्हणाला, ‘‘भेटलो. पण तुझ्या त्या काकांचा नंबर दे ना.’’

दिला.